वाचकांचे प्रश्न : उभ्या गाडीची बॅटरी

या महिन्याच्या टपालात एकच तक्रार वेगवेगळ्या गावांहून आली आहे. गाडी काही आठवडे उभी होती, चावी फिरवली आणि बॉनेटखालून नुसती कट्-कट् ऐकू आली. त्यातली आठ पत्रं इथे घेतली आहेत.

उत्तरांआधी एक आकडा लक्षात ठेवा : १२.४ व्होल्ट. शिसं आणि ॲसिडची १२ व्होल्टची बॅटरी चार-पाच तास तशीच पडू दिली आणि मग मीटर लावला, तर १२.६ ते १२.७ म्हणजे ती भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे पाव. १२.४ च्या खाली ती जितके दिवस राहील, तितके दिवस प्लेटांवर शिशाचं सल्फेट घट्ट होत जातं. सुरुवातीला ते बारीक आणि मऊ असतं, चार्जिंग केलं की विरघळतं. आठवडे उलटले की त्याचे खडे होतात आणि मग कितीही चार्ज करा, ते सुटत नाहीत. प्लेटचा तेवढा भाग कायमचा गेला. म्हणून तीन-चारशे रुपयांचा साधा डिजिटल मल्टीमीटर घरात हवाच.

प्रश्न : आमची पेट्रोल हॅचबॅक सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये असते. आम्ही दोघं मुलीकडे दोन महिने राहून आलो. शेजाऱ्यांनी दर रविवारी न चुकता दहा मिनिटं इंजिन चालू ठेवलं, तरीही बॅटरी बसली. बॅटरी दीड वर्षाचीच आहे. ती खराब निघाली का? आणि पुढच्या वेळी काय करावं?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : बॅटरी खराब असण्याची शक्यता कमी आहे. शेजाऱ्यांनी मनापासून केलं, पण हिशेब त्यांच्या बाजूने नव्हता.

कुलूप लावलेल्या गाडीतही रिमोटची वाट पाहणारा रिसीव्हर, अलार्म, घड्याळ आणि इंजिनच्या कॉम्प्युटरची मेमरी जागीच असते. धडधाकट गाडीत हे सगळं मिळून २० ते ५० मिलिअँपिअर ओढतं. तुमच्या गाडीचे ३० धरू. दिवसाला ०.७२ एएच (अँपिअर-तास, म्हणजे किती अँपिअर गुणिले किती तास), आठवड्याला पाच. अशा गाडीत बहुधा ३५ एएचची बॅटरी असते, म्हणजे काही न करता ती साडेतीन आठवड्यांत निम्मी होणार.

आता रविवारची दहा मिनिटं. सेल्फ मारण्यातच बॅटरी संपते असं बऱ्याच जणांना वाटतं, ते खरं नाही. लहान पेट्रोल इंजिनचा स्टार्टर दीडशेच्या आसपास अँपिअर ओढतो, पण दोनच सेकंद. जेमतेम ०.१ एएच. अडचण भरण्याची आहे. आयडलिंगला, म्हणजे इंजिन जागच्या जागी चालू असताना, अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज तयार करणारा) सावकाश फिरतो. त्याच्या करंटमधला मोठा वाटा पेट्रोल पंप, इंजेक्टर, इग्निशन आणि रेडिएटरचा पंखा घेतात. उरलेला घ्यायला बॅटरीही वेळ लावते. दहा मिनिटांत दोन एएच परत गेले तरी खूप. आठवड्याला पाच गेले, दोन आले. आठ रविवारांत २४ एएचची तूट. उकडतंय म्हणून एसी लावला असेल तर ते दोनही आले नसतील. शिवाय थंड इंजिन थोडा वेळ चालवून बंद केलं की सायलेन्सरमध्ये पाणी साठतं आणि पेट्रोलचा अंश इंजिन ऑइलमध्ये उतरतो. शेजाऱ्यांना सांगायचंच तर आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास रस्त्यावर फिरवून आणायला सांगा. ते जमणार नसेल तर गाडी चालूच करू नये.

दोन महिन्यांसाठी सर्वांत सोपा आणि बिनखर्चाचा उपाय म्हणजे मायनसची केबल काढून ठेवणं. पण आधी बॅटरी पूर्ण भरा. अर्धी भरलेली बॅटरी सोडवून ठेवली तर सल्फेट व्हायचं ते होतंच. निघण्याच्या आदल्या रात्री चार्जर लावा, सकाळी काढा आणि संध्याकाळी मीटरवर १२.६ दिसतात का पाहा. म्युझिक सिस्टिमला कोड लागत असेल तर तो लिहून घ्या, काचा वर करा. रिमोटच्या चावीत लपलेली साधी चावी बाहेर काढून तिने दार उघडतंय याची खात्री करा, कारण बॅटरी सुटल्यावर रिमोट उपयोगाचा नाही. डिकी फक्त बटणावर उघडत असेल तर तिच्यात काही ठेवू नका.

मग दहा नंबरचा पाना घ्या, आधी मायनसचा नट सैल करा, क्लॅम्प डावी-उजवीकडे हलवत वर घ्या आणि सुती कापडात गुंडाळून बाजूला बांधा. आधी मायनसच का? प्लसचा नट फिरवताना पाना चुकून बॉडीला टेकला आणि मायनस जोडलेलं असलं, तर तिथेच शॉर्ट होतो. पाना लाल होईपर्यंत तापू शकतो. जोडताना उलट, मायनस शेवटी. मायनसच्या क्लॅम्पवर लहान काळी डबी आणि तिला बारीक वायर असेल तर तो करंट मोजणारा सेन्सर आहे, त्याला पक्कड लावून ओढू नका. स्टार्ट-स्टॉप, म्हणजे सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाड्यांत तो हमखास असतो. त्या गाड्यांना चार्जर लावतानाही काळा चिमटा बॅटरीच्या मायनसला न लावता बॉडीवरच्या अर्थच्या बोल्टला लावावा, नाहीतर भरलेला चार्ज सेन्सरच्या हिशेबात येत नाही.

केबल काढल्यावर उरते ती बॅटरीची स्वतःची झीज. कॅल्शिअम प्लेटांच्या आजच्या बॅटरीत साधारण तापमानाला ती महिन्याला तीन ते पाच टक्के असते. दोन महिन्यांनी परत आलात तरी सेल्फ एका झटक्यात लागेल. नंतर खिडकीचं एका स्पर्शाने वर जाणं बंद पडलेलं दिसेल. बऱ्याच गाड्यांत काच पूर्ण वर नेऊन बटण तसंच चार-पाच सेकंद धरलं की ते पूर्ववत होतं.

सध्या बसलेल्या बॅटरीला गाडी चालवून भरायचा प्रयत्न करू नका. अल्टरनेटर बॅटरीची पातळी टिकवण्यासाठी असतो, रिकामी बॅटरी भरताना तो तापतो. भिंतीवरच्या चार्जरने क्षमतेच्या दहाव्या हिश्शाने, म्हणजे साडेतीन अँपिअरने, बारा ते चौदा तास भरा. रात्रभर पडू दिल्यावर १२.५ च्या वर टिकली तर वाचली.

प्रश्न : गाडी देवगडच्या घरी असते. गणपती, शिमगा आणि मे महिना, एवढीच चालते. घरी काकी असतात, पण त्यांना रोज बघायला सांगणं बरं नाही. चार्जर कायमचा लावून ठेवला तर चालेल का? पावसात वीज सारखी जाते. त्यापेक्षा सोलर बरं का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : कायम लावता येतो, पण तो चार्जर कोणता यावर सगळं आहे. गॅरेजमध्ये दिसणारा काटा असलेला जुना ट्रान्सफॉर्मरचा चार्जर बॅटरी भरली तरी थांबत नाही. व्होल्टेज १५-१६ वर जातं, पाणी उकळून उडतं आणि प्लेटा उघड्या पडतात. तो एका रात्रीपुरता ठीक, महिन्यासाठी नाही. तुम्हाला टप्प्याटप्प्याने चालणारा ऑटोमॅटिक चार्जर हवा. आधी तो १४.४ व्होल्टपर्यंत भरतो, करंट पडला की आपणहून १३.५ च्या आसपास उतरतो आणि तिथेच धरून ठेवतो. या व्होल्टेजला बॅटरी भरलेली राहते आणि पाणीही जवळजवळ उडत नाही. १ ते २ अँपिअरचा पुरे. खोक्यावर १३.२ ते १३.८ च्या दरम्यानचं फ्लोट (भरल्यावर धरून ठेवण्याचं) व्होल्टेज लिहिलेलं नसेल तर घेऊ नका.

तुमच्यासाठी त्याहून महत्त्वाची चाचणी वीज जाण्याची आहे. बटण दाबून मोड निवडायचे बरेच स्वस्त चार्जर वीज गेली की सगळं विसरतात. वीज परत येते तेव्हा त्यांचा फक्त स्टँडबायचा दिवा लागतो आणि चार्जिंग बंद. काकींना दिवा दिसतो, त्यांना वाटतं चालू आहे. दुकानातच बॅटरीला जोडून मोड चालू करायला सांगा, भिंतीवरचं बटण मिनिटभर बंद करून परत लावा आणि चार्जर आपणहून चार्जिंगला लागतो का ते पाहा. लागत नसेल तर तो कोकणात नेऊ नका. वीज नसताना काही चार्जर उलट बॅटरीतूनच थोडा करंट खातात, तेही मीटरने बघून घ्या. ५ मिलिअँपिअरच्या आत असेल तर हरकत नाही.

सोलरबद्दल. १० वॉटचं पॅनेल भर उन्हात अर्धा अँपिअर देतं. गाडी उघड्यावर असेल आणि पॅनेलला चार तास चांगलं ऊन मिळालं तर दिवसाला दोन एएच येतात, गाडीच्या ०.७२ च्या खर्चाला ते भरपूर. पण पुढच्या काचेच्या आत ठेवलं की यातलं बरंच काचेत आणि तिरप्या कोनात जातं. आषाढ-श्रावणात देवगडला ऊन किती दिवस असतं ते तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत. गाडी शेडमध्ये असेल तर पॅनेल कौलांवर आणि वायर खाली, हाच मार्ग. अशा पॅनेलचं मोकळं, म्हणजे काही न जोडता मोजलेलं, व्होल्टेज २१-२२ पर्यंत जातं, म्हणून ५ वॉटच्या वर मध्ये चार्ज कंट्रोलर हवाच. तोच रात्री करंट उलटा पॅनेलमध्ये जाऊ देत नाही. लायटरच्या सॉकेटमध्ये खोचायची वायर घेऊ नका. आजच्या बहुतेक गाड्यांत चावी काढली की ते सॉकेट मरतं, मग पॅनेल कुठेच जोडलेलं नसतं. वायर थेट टर्मिनलला, प्लसच्या बाजूला फ्यूज घालून.

खारी हवा हा तिसरा भाग. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी खपली चढते आणि तिच्यातून करंट नीट जात नाही, मग भरलेली बॅटरीही बसल्यासारखी वागते. केबल काढा, पेलाभर कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा. फसफस थांबली की स्वच्छ पाण्याने पुसा, कोरडं करा. नट आवळल्यावर वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या, आधी नाही. बुचं असलेली बॅटरी असेल तर सोडा आत जाऊ देऊ नका, तो आतलं ॲसिड मारतो.

प्रश्न : ट्रॅक्टरची बॅटरी ८८ एएच. पेरणी झाली की महिना-दोन महिने ट्रॅक्टर उभा असतो. पाणी कमी झालं की बोअरचं घालतो. दोन वर्षांत दुसरी बॅटरी गेली. काही जण म्हणतात सिमेंटच्या फरशीवर ठेवल्याने उतरते, काही म्हणतात थोडं ॲसिड घाला.
— एक शेतकरी वाचक, जिल्हा जालना

उत्तर : फरशी निर्दोष आहे. पूर्वी बॅटरीची पेटी लाकडाची किंवा रबराची असायची, तेव्हा ओल धरून करंट गळायचा. आजच्या प्लास्टिकच्या पेटीतून काही गळत नाही. तुमचा शत्रू बोअरचं पाणी आहे.

बॅटरीतून उडतं ते फक्त पाणी. त्यातला क्षार, लोह, क्लोराइड मागेच राहतं आणि दर भरणीला वाढत जातं. लोहासारखी अशुद्धी प्लेटांमध्ये आतल्या आत करंट फिरवत राहते, म्हणजे ट्रॅक्टर उभा असतानाही बॅटरी स्वतःलाच खाते. क्लोराइड प्लसच्या प्लेटांची जाळी कुरतडतं. घरच्या आरओचं पाणीही चालत नाही, त्यात क्षार उरलेले असतात. एसीचं थेंब-थेंब पाणी शुद्ध असतं हाही समज सोडा. ते धूळ आणि कॉइलचं धातू घेऊन खाली येतं. फक्त डिस्टिल्ड वॉटर, आणि तेही धातूच्या नव्हे, प्लास्टिकच्या नरसाळ्याने.

ॲसिड कधीच घालू नका. चार्ज कमी असला की ॲसिडचा अंश प्लेटांत सल्फेट होऊन बसलेला असतो, म्हणून पाणी पातळ लागतं. चार्ज केलं की तो परत पाण्यात येतो. त्यात वरून आणखी ॲसिड ओतलं की भरल्यावर द्रव जहाल होतो आणि प्लेटा झडतात. ॲसिड ओतायचं एकच कारण असू शकतं, बॅटरी कलंडून ते सांडलं असेल तर, आणि तेही बॅटरीवाल्याकडूनच.

पाण्याची पातळी प्लेटांच्या वर १० ते १५ मिलिमीटर. क्रम महत्त्वाचा आहे. प्लेटा उघड्या दिसत असतील तर आधी त्या झाकतील इतकंच घाला, मग पूर्ण चार्ज करा आणि शेवटी खुणेपर्यंत भरा. चार्जिंगच्या आधीच काठोकाठ भरलं तर द्रव फुगून बुचांतून बाहेर येतो आणि ॲसिड फुकट जातं.

हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजणारी नळी) घ्या, बुचं असलेल्या बॅटरीला त्याच्यासारखं खरं बोलणारं दुसरं काही नाही. रबरी फुगा दाबून द्रव ओढा, तरंगणारी काचेची नळी बाजूंना चिकटू देऊ नका, डोळ्याच्या पातळीवर धरून वाचा. भरलेल्या बॅटरीत १.२४० ते १.२८०, कंपनी जो आकडा छापते तो. सहाही घरं, म्हणजे प्रत्येक बुचाखालचा कप्पा, मोजून वहीत लिहा. पाच घरं १.२५० आणि एक १.१९० असेल तर ते घर गेलं, ती बॅटरी चार्जर लावूनही परत येणार नाही. सगळीच सारखी १.१९० असतील तर बॅटरी नुसती उतरली आहे.

उन्हाळ्याचं एक. तापमान दहा अंशांनी वाढलं की आपोआप उतरण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. पत्र्याच्या शेडमध्ये वैशाखात जे होतं ते कडुनिंबाच्या सावलीत होत नाही. पेरणी आटोपली की बॅटरी काढा, ८-९ अँपिअरने पूर्ण भरा, सावलीत वारा खेळेल अशा जागी ठेवा आणि दर महिन्याला एक रात्र पुन्हा चार्जरला लावा. चार्ज करताना हायड्रोजन निघतो, तेव्हा जवळ विडी-काडी नको. चिमटे लावल्यावरच चार्जरचं बटण चालू करा आणि काढताना आधी बटण बंद करा, म्हणजे ठिणगी बॅटरीवर पडत नाही.

प्रश्न : नवीन बॅटरी टाकून तीन महिने झाले. शनिवारी भरलेली, मंगळवारी बसलेली. गॅरेजवाले म्हणतात बॅटरी ठीक आहे, कंपनी म्हणते गाडी बघा.
— एक वाचक, नागपूर

उत्तर : तीन दिवसांत बसते म्हणजे गाडीत काहीतरी रात्रंदिवस पितंय. ते शोधायला तासभर लागतो. बॉनेट उघडा, काच खाली ठेवा, चावी काढून घ्या. बॉनेटची आणि दाराची कडी स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत ढकला, म्हणजे गाडीला सगळं बंद आहे असं वाटेल. मल्टीमीटरची लाल वायर १० अँपिअरच्या छिद्रात घाला. मायनसची केबल काढा, मीटरची एक टोचणी त्या केबलला आणि दुसरी बॅटरीच्या मायनसला. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारायचा नाही, आतला फ्यूज उडेल.

लगेच दोन-तीन अँपिअर दिसले तर घाबरू नका. गाडीतले कॉम्प्युटर झोपायला २० ते ४० मिनिटं घेतात. मध्ये रिमोट दाबला की तेवढा वेळ पुन्हा सुरुवातीपासून. चाळीस मिनिटांनीही ५० मिलिअँपिअरच्या वर असेल तर एकेक फ्यूज काढून बघा, ज्याने आकडा धाडकन खाली येतो त्या वाटेवर चोर आहे.

पण आधी बाहेरून बसवलेल्या वस्तू बघा, बहुतेक वेळा तिथेच सापडतं. पार्किंग मोडवरचा डॅशकॅम पाव अँपिअर ओढत असेल तर दिवसाला सहा एएच. ३५ एएचची बॅटरी तीन दिवसांत निम्म्याच्या खाली. त्याला हार्डवायर किट (थेट गाडीच्या वायरिंगला जोडणारं) लावलं असेल तर त्यात बहुधा व्होल्टेज कट-ऑफ असतो, म्हणजे बॅटरी ठरलेल्या व्होल्टला उतरली की तो डॅशकॅम तोडतो. तो खूप खाली ठेवलेला असेल तर १२.२ किंवा १२.४ वर न्या. बाहेरच्या म्युझिक सिस्टिममध्ये पिवळी वायर मेमरीची, कायम चालू. लाल वायर चावीबरोबर चालू-बंद होणारी. घाईत बसवणारा दोन्ही एकत्र पिळून टेप मारतो, मग स्क्रीन काळा असला तरी आतला सेट जागा राहतो. डिकीतला दिवा हाही नेहमीचा गुन्हेगार. फोनचा व्हिडिओ चालू करून फोन डिकीत ठेवा आणि झाकण लावा, उजेड राहतो का ते कळेल.

हे सगळं शोधून झाल्यावर बॅटरीचीही शहानिशा करा. सेल्फ मारताना दुसऱ्याला मीटर बघायला सांगा. भरलेली बॅटरी त्या क्षणी ९.६ च्या खाली जाऊ नये. आणि विश्रांतीनंतर १०.५ च्या आसपासच अडकून बसली असेल तर सहापैकी एक घर शॉर्ट आहे, ती वॉरंटीत बदलून मागा.

प्रश्न : गावी गेल्यामुळे स्कूटर दीड महिना उभी होती. मुलाने गाडीचा ६ अँपिअरचा चार्जर रात्रभर लावला, सकाळी बॅटरी फुगलेली. किकनेही स्कूटर सुरू होईना.
— एक वाचिका, कोल्हापूर

उत्तर : फुगलेली बॅटरी आता वापरू नका, तशीच बॅटरीच्या दुकानात द्या. स्कूटरची बॅटरी ३ ते ५ एएचची, तिला ०.३ ते ०.५ अँपिअर पुरतो. ६ अँपिअर म्हणजे बारा ते वीस पट. सीलबंद बॅटरीत वायूचं आतल्या आत परत पाणी व्हायला वेळ लागतो. तो मिळाला नाही की ती तापते, फुगते. दुचाकीचा ०.५ ते १ अँपिअरचा ऑटोमॅटिक चार्जर वेगळा मिळतो, बुलेटसारख्या मोठ्या गाडीच्या ८ ते १४ एएचलाही तोच चालतो.

किकबद्दल. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ (गाड्यांच्या धुराचे कडक नियम) आलं आणि जवळजवळ सगळ्या दुचाकी फ्युएल इंजेक्शनवर गेल्या. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलचा पंप आणि कॉम्प्युटर विजेवर चालतो. बॅटरी पूर्ण मेली तर किकने तेवढी वीज तयार होईलच असं नाही. जुन्या कार्ब्युरेटरच्या स्कूटरसारखा किकवर भरवसा ठेवून आता चालत नाही. शिवाय एप्रिल २०१७ नंतरच्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत जळतोच, त्यामुळे दारात उभी करून चार मिनिटं चालवली तर बॅटरीच्या वाट्याला फार काही येत नाही. महिन्याच्या वर बाहेर जाणार असाल तर मायनसचा स्क्रू काढून ठेवा. स्कूटरमध्ये तो फूटबोर्डखाली किंवा सीटखाली सापडतो.

प्रश्न : आम्ही कॅल्गरीत राहतो. डिसेंबर-जानेवारीत सहा आठवडे सोलापूरला येणार आहोत. गाडी ड्राइव्हवेवर उघड्यावर असेल. ब्लॉक हीटर चालू ठेवून यावं का?
— एक वाचक, कॅनडा

उत्तर : ब्लॉक हीटर इंजिनचं कूलंट गरम ठेवतो, बॅटरीला त्याचा काही उपयोग नाही. सहा आठवडे तो चालवून फक्त बिल येईल. परतण्याच्या दिवशी दोन-तीन तास आधी कोणी लावून ठेवला तर मात्र खूप उपयोग, कारण उणे १८ अंशांना बॅटरी तिच्या सेल्फच्या ताकदीच्या निम्म्याच्या आसपास येते आणि घट्ट झालेल्या ऑइलमुळे इंजिनला मात्र जास्त ताकद लागते.

तुमच्याकडची खरी भीती गोठण्याची आहे. भरलेल्या बॅटरीतला द्रव उणे ५० पर्यंतही गोठत नाही. उतरलेल्या बॅटरीत मात्र तो जवळपास पाणीच असतो, उणे ७ ते १० ला बर्फ होतो, प्लेटा वाकतात, पेटी तडकते. म्हणून भरून, मायनस काढून या. थंडीत आपोआप उतरणं फार मंदावतं, सहा आठवड्यांत ती जवळजवळ तशीच राहील. या बाबतीत तुमचा बर्फ सोलापूरच्या उन्हापेक्षा बॅटरीला मानवतो. घराबाहेर प्लग आहे आणि हवामान झेलणारा मेंटेनर (बॅटरी भरलेली धरून ठेवणारा ऑटोमॅटिक चार्जर) आहे, तर केबल न काढता तो लावून आलात तरी उत्तम. परत आल्यावर पेटीच्या बाजू फुगलेल्या दिसल्या किंवा आत बर्फाची शंका आली, तर चार्जर किंवा जंपर केबल लावू नका. आतला बर्फ वायूची वाट अडवतो, बॅटरी फुटू शकते. आधी ती आत आणून पूर्ण वितळू द्या.

प्रश्न : इलेक्ट्रिक स्कूटर आणि इलेक्ट्रिक कार दोन्ही आहेत. लांब जाताना शंभर टक्के भरून जातो. बरोबर आहे ना?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : इथे उलटं करा. लिथिअमच्या बॅटरीत सल्फेटचा प्रश्न नाही. ती शंभर टक्क्यांवर उन्हात पडून राहिली तर लवकर म्हातारी होते आणि शून्यावर पडून राहिली तर कदाचित उठतच नाही. ५० ते ६० टक्क्यांवर, सावलीत ठेवा. आतलं संरक्षक सर्किट सतत थोडं खात राहतं, म्हणून महिन्याने कोणाला तरी टक्केवारी बघायला सांगा आणि २० च्या खाली जाऊ देऊ नका. काढता येणारी बॅटरी स्वयंपाकघरात किंवा घराबाहेर पडण्याच्या वाटेवर ठेवू नका. शिसं-ॲसिडचा चार्जर तिला कधीही नको.

कारमध्ये मोठ्या बॅटरीखेरीज बहुतेक वेळा १२ व्होल्टची साधी बॅटरीही असते. मोठ्या बॅटरीला जोडणारे स्विच हीच छोटी चालवते. ती बसली की मोठी ६० टक्के असूनही गाडी उघडत नाही. बऱ्याच गाड्या उभ्या असताना मोठीतून छोटी भरून घेतात, पण सगळ्या नाही, आणि ॲपवरून गाडीची चौकशी केली की दर वेळी ती जागी होऊन खाते. परदेशातून रोज ॲप उघडून बघू नका. मायनस काढायचं की नाही ते मात्र तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत बघूनच ठरवा.

प्रश्न : नवी बॅटरी घेताना दुकानात काय बघावं?
— एक वाचक, पणजी

उत्तर : वॉरंटी कार्डापेक्षा आधी निर्मितीचा महिना बघा. तो स्टिकरवर किंवा पेटीवर कोरलेल्या कोडमध्ये असतो, कोड वाचून दाखवायला दुकानदाराला सांगा. बॅटरी फळीवर पडून असली तरी उतरत असते, आणि आपल्याकडच्या तापलेल्या गोदामात जास्तच. सहा महिन्यांच्या वरची नको. मग खिशातला मीटर काढून तिथेच मोजा. दुकानदार आधी चार्जर लावतो म्हणाला तर लावण्यापूर्वीचा आकडा बघा, कारण चार्जर काढल्याबरोबर कोणतीही बॅटरी १३ दाखवते. १२.४ च्या खाली असेल तर दुसरी मागा.